घुमणारे टायर

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. यवतमाळच्या टायरच्या दुकानात आम्ही शेजारी बसलो होतो. दोघांच्याही मोटरसायकली डांबरावर अन् शेतवाटेवर चालणाऱ्या. मी दोन्हीकडे जमतील असे बेताच्या नक्षीचे टायर घेतले. तो मात्र जाड ठोकळ्यांचा टायर मांडीवर घेऊन बोटांनी ठोकत होता, कान लावून ऐकत होता.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावचा रोड आता डांबरी झाला. हे कायले घेता? लवकर झिजतीन, अन् आवाजही लय करतीन."

"आवाजासाठीच घेऊन राह्यलो," तो हसला. "मायले आता दिसत नाही. डांबरावर हे टायर घुमले का तिले फाट्यावरूनच समजते, पोरगा आला. मंग भिंतीले धरून दारात येऊन उभी राह्यते."

मला माझी आई आठवली. माझ्या सायकलची खडखड गल्लीत आली की ती चुलीवर तवा ठेवायची.

संध्याकाळी नव्या टायरवर नेरला घरी परतलो. गाडी इतकी शांत चालली की दारापर्यंत आलो तरी कोणाला कळलं नाही. खिशातून किल्ली काढून मी कुलूप उघडलं.