एकच लांब पान

मेथी निवडली की बोटांना जो कडवट, ओला वास राहतो, त्या वासासरशी मला जळोचीतल्या माझ्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. मी फिजिओथेरपिस्ट. धाकट्या भावाने नुकतीच माझी वेबसाइट तयार केली होती. गुडघा, कंबर, बाळंतपणानंतरचा त्रास, अशी दुखण्यागणिक वेगळी पानं होती आणि मला ती फार आवडली होती. पंखा संथ फिरत होता, हिरवा पडदा फुगून पुन्हा खाली बसत होता, मागच्या पाटाचं पाणी झोपेत बोलल्यासारखं वाहत होतं. समोर बसलेली बाई पहाटे मेथीच्या जुड्या बांधून आली होती आणि सगळ्या खोलीला तोच वास होता. खोकलं की लघवी सुटते, हे तिने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी कौतुकाने तिला माझ्या फोनवर तिच्या त्रासाचं पान दाखवलं. म्हटलं, "घरी निवांत बघा, सगळे व्यायाम दिलेत." "मॅडम, घरात फोन एकच हाय," ती हळूच म्हणाली. "सासरं बघत्यात, पोरं बघत्यात. मी काय उघडलं त्याचं नाव फोनमधी मागं ऱ्हातं. समदं एकाच पानावर ठिवा की. मग मी कुठं थांबले, ते कुणाला कळंल?" संध्याकाळी मी भावाला सगळं एकाच पानावर घ्यायला लावलं, पण का ते सांगितलं नाही. अजूनही घरी आला की तो कुरकुरतो, "ताई, एवढं लांब पान खालपर्यंत कोण बघतं?" मी मेथी निवडत राहते.