मिस्तरीचा मामा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडीखाली उताणा झोपायला लागलो आणि सोनाळ्याच्या पाराला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. मिळो. हसतील त्यांचे दात दिसतील.

मी मूळचा वांगी-मिरची करणारा माणूस. माल स्वतःच्या पिकअपमधून बाजारात न्यायचो. तिचं स्टेअरिंग ढिलं झालं, तेव्हा एका मेकॅनिकने स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. आमच्या भागात सगळे तेच करतात. स्टेअरिंग लगेच घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण खरी ढिलाई खाली असते, चाकाजवळ, रॉडच्या टोकाला, आणि ती तिथेच राहते. वर असं आवळलेलं स्टेअरिंग वळणानंतर आपणहून सरळ होत नाही. माझंही झालं नाही. पिकअप बाभळीत घुसली, वांगी रस्त्यावर आणि मी वांग्यांत. लागलं फार नाही, पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. ज्याच्यावर आपण रोज जीव टांगतो, ते आपल्याला कळूच नये?

म्हणून मी भाच्याच्या गॅरेजात गेलो. भाचा अठ्ठावीस वर्षांचा, पण आख्खी पंचक्रोशी त्याला 'मिस्तरी' म्हणते. मला आपोआप नाव पडलं, 'मिस्तरीचा मामा'. ते मला झोंबायचं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे मामानेच भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, त्यामुळे गुरू केला म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही, एवढंच बरं.

पहिले तीन महिने त्याने मला पाना धरू दिला नाही. तो वर बसून स्टेअरिंग इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे हलवायचा, आणि मी खाली पडून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. जिथे झीज असेल तिथे बोटाला बारीकसा धक्का लागतो. खुरप्याने घट्टे पडलेली माझी बोटं, त्यांना काय लागणार? मी वैतागून खालूनच ओरडायचो, "सगळं बराबर हाय!"

"मामा, डोये मिटा," तो वरून म्हणायचा. "डोयानं नाही दिसत थे."

एक दिवस डोळे मिटले आणि धक्का लागला. विहिरीला पाणी लागलं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

मग पहिलं काम मिळालं, आणि त्यात मी नटातून आडवी घालायची पिन विसरलो. पिन नसली की नट हळूहळू सुटतो आणि चालत्या गाडीचा रॉड गळून पडतो. भाच्याने गाडी सोडण्याआधी ते पाहिलं, पिन उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी पिन दातांत धरूनच नट आवळतो.

भाचा सामान आणायला शेगावला गेला होता, तेव्हा सातपुड्यातल्या गावांना सवाऱ्या नेणारी एक काळी-पिवळी जीप गॅरेजात आली. ड्रायव्हर खाली उतरता उतरता म्हणाला, "बॉक्स आवळून द्या, मामा. पाच मिनिटाचं काम हाय."

"मी बॉक्स आवळत नसतो."

"मंग मिस्तरीले येऊ द्या. वांगेवाल्याच्या हातात स्टेरिंग देऊ काय? घाटात सवाऱ्या राह्यतात माह्याजवळ."

"म्हणूनच सांगून राह्यलो. वर बस अन् स्टेरिंग हालव."

त्याला हलवायला लावून मी खाली शिरलो. रॉडच्या दोन्ही टोकांचे सांधे, आम्ही त्यांना एंड म्हणतो, झिजले होते. बॉक्सही कोणीतरी आधीच करकचून ठेवला होता. ड्रायव्हर बडबडत चहाच्या टपरीवर गेला. मी जुना एंड किती आटे फिरून निघाला ते मोजलं, तेवढेच आटे देऊन नवा बसवला, मग दुसरा, आणि बॉक्सचा स्क्रू बेताने सैल केला.

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे. ज्याने स्टेअरिंग उघडलं, त्याने ट्रायलला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत. भाचा आला तसा ड्रायव्हर त्याला म्हणाला, "मिस्तरी, तुमी एकदा खाली पाहून घ्या, नाही तं मी गाडी नेत नाही."

 आता भाचा गाडीखाली गेला असता, तर मी जन्मभर मामाच राहिलो असतो. त्याने माझ्याकडे बघितलं. "पिना?" मी तोंड उघडून दाखवलं. दातांत काही नव्हतं. तो खाली गेला नाही.

मी ताठ मानेने पुढे जाऊन बसलो. माझ्यामागोमाग भाचाही चढला आणि मला सरकवून बसला.

मामा-भाच्याने एका नावेत बसू नये, एका गाडीत तर नाहीच, घात होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. साऱ्या गावाला उलटं बोलणारा मी, पण तिथे मला ते खरं वाटायला लागलं. बहिणीचा एकुलता एक मुलगा तो.

"उतर बाप्पा," मी म्हणालो. "घाट हाय."

"काऊन? काम पक्कं नाही काय?"

मी आणखी सरकून त्याला जागा दिली. गाडी निघाली.

तिसऱ्या वळणावर ड्रायव्हरने मूठ जरा सैल केली. स्टेअरिंग त्याच्या तळव्यांतून सरकत आपणहून सरळ झालं. खात्री पटावी म्हणून त्याने परतीच्या वळणावरही तेच केलं, पण चांगलं झालं असं काही तोंडातून काढलं नाही. न काढो. मी भाच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. झोपला नव्हता, बोटं डॅशबोर्डवर टेकलेली होती.

परत आलो तेव्हा बहीण गॅरेजच्या दारात उभी होती. कोणीतरी तिला जाऊन सांगितलं होतं. ती माझ्याकडे न बघता पोरावर कडाडली, "कितीकदा सांगतलं तुले, मामासंग एका गाडीत बसू नोको म्हून!"

"मामासंग कुठी बसलो, माय?" भाचा खाली उतरत म्हणाला. "मिस्तरीसंग बसलो."