डावा हात

भाचीचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले, तर तिच्या वर्गात तपासणीचे साहेब आलेले. त्यांनी भागाकाराचं काहीतरी विचारलं आणि वर्गातले सगळे हात वर गेले, वाऱ्यावर डोलणाऱ्या पिकासारखे. दारातून बघताना मलाही भरून आलं. आमच्या मनूचा हात डावा का, एवढंच कळेना.

घरी विचारलं, तर ती सहज म्हणाली, "येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. साहेब आले की बाई उजव्यांनाच उठवतात, मावशी."

तेव्हापासून माझं डोकं तडकलंय. बाई, भागाकार शिकवायचा कंटाळा केलात, पण ही लबाडी किती मन लावून शिकवलीत! एकही पोर चुकलं नाही. आपल्याला येत नाही, हे मुलं कधी उघड सांगतात का? त्या दिवशी ती हात वर करून सांगत होती, फक्त तुम्हाला कळेल असं. आणि नेमकी तीच तुम्ही वगळलीत.

काल मनूला भागाकार समजावला आणि विचारलं, "कळलं का?" तिने डावा हात वर केला, आणि मी आता दुसऱ्या कुणालातरी विचारेन असं समजून ती निवांत बसून राहिली.