न फुटलेलं गाढव

जगातल्या संस्कृतींबद्दल मला जे काही कळतं, ते शाळेतल्या मुलांच्या आयांच्या कृपेनं. लालबागला माझा मखरांचा कारखाना आहे. बाप गिरणीत होता, गिरणी गेली, मी कागद चिकटवायची खळ शिजवायला शिकलो आणि कुणापुढे हात न पसरता उभा राहिलो. दिवाळी सरली की आमचे हात रिकामे असतात आणि नेमके तेव्हाच शाळांचे विश्वसंस्कृती सप्ताह येतात. मग टॉवरमधल्या बाया दारात. कुणाला पिरॅमिड हवा, कुणाला जपानी कंदील. मूल बाहेर गाडीत बसलेलं असतं. आपल्या वाट्याला कुठला देश आलाय हेही त्याला धड ठाऊक नसतं. प्रकल्पाखाली नाव मात्र त्याचं, आणि पुढे 'स्वहस्ते'.

माझी मुलगी दादरच्या ज्या शाळेत जाते, ती या कामात फार पुढे. तिथे मेक्सिको म्हणजे मिशी, मोठी टोपी आणि निवडुंग. स्पेन म्हणजे बैल. तिकडच्या कुणी मुंबई म्हणून एक फेटा आणि एक वडापाव मांडला, तर हीच माणसं दिवसभर तावातावानं बोलतील.

गेल्या वर्षी, सातवीत, मुलीच्या वाट्याला मेक्सिको आला. ती पुस्तकं चाळून आली आणि म्हणाली, "बाबा, तिथे पिन्याटा असतो. मडक्याला कागदाचे सात कोन लावून चांदणी करतात, आत खाऊ भरून टांगतात आणि डोळे बांधून काठीनं फोडतात."

"म्हणजे आपली हंडीच की."

"हो, पण थर नाहीत."

"मग त्यात काय मजा?"

"तुम्ही हात लावायचा नाही. सल्लाही नको."

मी हात मागे बांधून बघत राहिलो. रोज संध्याकाळी दोन कोन गळून पडायचे, ती पुन्हा चिकटवायची. पतंगाच्या कागदाच्या झालरी कापून कापून तिच्या बोटाला फोड आला. आठवड्यानं चांदणी उभी राहिली. थोडी डावीकडे कलती, पण देखणी.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई कारखान्यात आली. तिलाही पिन्याटाच हवा होता, पण गाढवाच्या आकाराचा.

"दादा, एवढे? ऑनलाइन निम्म्यात मिळतं."

"मग ऑनलाइनच घ्या ना, मॅडम. कंपनीचं लेबल मिसना दाखवा."

तिनं पर्स उघडली. मग म्हणाली, "बरं, पण कुणाला सांगायचं नाही हं."

"त्याचे वेगळे पडतील," मी म्हणालो. आणि घेतलेही.

गाढव मी स्वतः केलं. कामट्यांचा सांगाडा, वर मांजरपाट, त्यावर कागदाचे चार थर आणि पोटाला खाऊ भरायचं झाकण. ते फोडायचं असतं हे मला माहीत होतं. घरात आठवडाभर तेच चाललं होतं. पण माझ्या हाताला सवय टिकाऊ काम करायची. मंडपात अकरा दिवस उभं राहील असं गाढव झालं. मुलगी डबा द्यायला आली तेव्हा तिनं ते पाहिलं. "कुणाचं हो हे?" "गिऱ्हाइकाचं." तिनं पुढे विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मिसनी चांदणी फिरवून पाहिली. "काम बघा किती सफाईदार. वडिलांचा कारखाना आहे ना?"

"मिस, मी केलंय."

"हो हो, बाळा." आणि कार्डावर लिहिलं : पालकांची मदत.

गाढवाला पहिलं बक्षीस मिळालं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. गाढवाच्या आईनंही पाहिलं. कागदवाल्याशी, पालिकेच्या माणसाशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी रोज भांडणारा मी, त्या हॉलमध्ये ब्र काढला नाही. गप्प राहण्याचे पैसे आधीच घेतले होते. आणि हॉलमधल्या निम्म्या बाया माझी गिऱ्हाइकं होती.

मग बक्षीसवालं गाढव मैदानात बास्केटबॉलच्या खांबाला टांगलं. मुलं डोळे बांधून हाणत राहिली. गाढव ढिम्म. शेवटी पीटीचे सर बॅट घेऊन आले. त्यांच्या तिसऱ्या टोल्याला दोरी तुटली आणि गाढव चारी पायांवर उभं राहिलं. सगळं मैदान हसलं. मिस ओरडल्या, "अरे, दुसरं आणा!"

मुलीची चांदणी टांगली. एका किरकोळ पोराच्या काठीनं ती फुटली, गोळ्या-चॉकलेटं उधळली, पोरं तुटून पडली. पाच मिनिटांत तिथे नुसत्या खापऱ्या आणि कागदाचे कपटे उरले.

कारखान्यातला माल कुठला आणि पोरीच्या हातचा कुठला, हे त्या वेळी आंधळ्यालाही कळलं असतं. मिसना कळलं नाही. कार्डावरचा शेरा तसाच राहिला. गाढव शाळेच्या काचेच्या कपाटात गेलं. अजून तिथे आहे, दुसऱ्या पोरीच्या नावाखाली.

परत येताना मी म्हणालो, "तुझं फुटलं, म्हणजे तुझंच बरोबर होतं."

"मग तिथे का नाही बोललात?"

"धंदा असतो गं."

ती माझ्या पुढे चालायला लागली.

यंदा तिला स्पेन आलाय. मी न सांगता पतंगाचे ताव, कामट्या आणि कात्री घरी आणून ठेवली. चार दिवस ते सामान तसंच पडून होतं. काल मुलगी कारखान्यात आली आणि वहीतून फाडलेलं एक चित्र टेबलावर ठेवलं. झालरीचा लाल घागरा घातलेली नाचणारी बाई.

"ही करून द्या."

"तू कर की. मी हात लावत नाही."

"कशाला? मी केली तरी ते तेच लिहिणार."

मी खळीच्या बादलीला लाथ मारली. कामगार माना वर करून बघायला लागले. मिसना, शाळेला, त्या गाढवाच्या आईला, तोंडाला येईल ते बोललो. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. खळ तिच्या चपलांपर्यंत आली, तेव्हा एक पाऊल मागे सरकली.

"शुक्रवारपर्यंत होईल ना?" तिनं विचारलं.