चिकटवलेली पानं

बसथांब्यावर आमच्या लाडक्या चित्रकादंबरीवरच्या सिनेमाचं पोस्टर लागलंय. त्यात तळघराचं ते दार किलकिलं दिसलं आणि मी चटकन नजर फिरवली. लहानपणी, ज्या दोन पानांवर ते दार उघडतं, ती आम्ही भावंडांनी न बघताच भाताच्या शितांनी चिकटवून टाकली होती. दारामागचं भूत प्रत्येकानं मनात आपापलं वाढवलं. आता सगळ्यांना एकच दाखवणार. ते खरंच भयंकर निघालं तर? आणि फुसकं निघालं, तर इतकी वर्षं मी भ्यायले कशाला?

घरी आले तर भावाचा फोन. "ताई, तिकिटं काढू?"

"थांब रे जरा," म्हटलं आणि पुस्तक उघडलं. शितं वाळून पानांचा एक कोपरा सुटला होता.

मी भाताचं पातेलं जवळ ओढलं.