सुकदेवकाकांचा आवाज

कबुलीजबाब म्हटल्यावर तुम्ही कान टवकारले असतील. पोरगी असेल, नाहीतर गल्ल्यात हात. तसलं काही नाही — ही गोष्ट जुन्या प्रोसेसरची आहे. बघा, पान उलटायला लागलात ना? उलटा. आजवर मी हे घरीसुद्धा बोललेलो नाही. अजून एकाने नाही ऐकलं तर काय फरक पडतो?

मी नवापूरचा. शाळेत हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. आता सुरतला, पर्वत पाटियाजवळ एका छोट्या कंपनीत आहे. साडीच्या भरतकामाचं डिझाईन ज्या कॉम्प्युटरवर बनतं, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही बनवतो. नवीन व्हर्जन आलं की जुन्या प्रोसेसरसाठी ते वेगळं बनवायचं, वेगळं तपासायचं — ते माझ्या गळ्यात. कंटाळा यायचा. म्हणजे... हे कारण म्हणून सांगत नाहीये.

जुन्यांचा सपोर्ट कधी बंद करायचा, याचा हितेशभाईंचा — आमच्या शेठचा — एकच नियम. शेवटचं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने 'बंद करा' म्हणेल, तेव्हा. बाकी सगळे नवीनवर गेले. राहिले इथल्याच लिंबायतचे सुकदेवकाका, स्वतःचं भरतकामाचं मशीन चालवणारे, आमच्या खानदेशातलेच. भेटले की चहा पाजायचे, आणि निघताना हमखास विचारायचे, माझा कॉम्प्युटर चालू ठेवशील ना रे?

त्यांना फोन करून विचारायचं काम माझं. केला नाही. का? आज करू, उद्या करू. सपोर्टचं ठरवायच्या मीटिंगच्या दिवशी गच्चीवर गेलो आणि काकांच्या आवाजात एक व्हॉइस मेसेज स्वतःच रेकॉर्ड केला — नवा कॉम्प्युटर घेतला भो, जुनं करा बंद. हसवायला. खरंच, हसवायलाच. मीटिंगमध्ये वाजवला, तर कोणी हसलंच नाही. हितेशभाई म्हणाले, "चालो, पत्युं." म्हणजे चला, मिटलं. तेव्हा तोंड उघडायचं होतं ना? पण मी खुश होतो. आवाज इतका जमला होता.

जुन्या प्रोसेसरवर न चालणारं अपडेट सगळ्यांना आपोआप गेलं. ऐन लग्नसराईत काकांची स्क्रीन काळी. आम्ही जुनं व्हर्जन परत टाकून देईपर्यंत व्यापाऱ्यांनी काम दुसरीकडे दिलं, ते परत आलंच नाही. काका मशीन, कॉम्प्युटर सगळं विकून आता कामरेजला दुसऱ्याच्या कारखान्यात जातात.

पण मी घुटमळतोय. सांगायचंय ते हे नाहीच.

स्क्रीन काळी झाली त्याच दिवशी काका ऑफिसात आले होते. हितेशभाई म्हणाले, तुम्हीच बोललात, मी माझ्या कानांनी ऐकलं. काका माझ्याकडे वळले.

"बोललो व्हतो का रे मी?"

मी म्हणालो, "हो काका."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. मला काही वाटलं नाही — पंखा करकरत होता, तेवढंच आठवतं. रडू वगैरे पुढेही आलं नाही. येईल असं वाटलं होतं.

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. तिथे, रिक्षावाल्यादेखत, त्यांनी मला झापलं. "मी म्हातारा माणूस, काहीबी बोलून जाईन. तुले तर अक्कल व्हती ना? परत एक फोन करून विचारता नाही आलं?"