लिअन्न म्हणजे कारण

"उठ. हे तूच वाच," सर म्हणाले आणि माझी वही माझ्याकडं भिरकावली.

अरबीचा वर्ग. बेळगावात. बाकी सगळी वकील-डॉक्टरांची पोरं, आखातात जायची. मी शहापूरची, घरात दोन पॉवरलूम. अनुवादाचं काम मिळंल म्हणून आलते.

निबंध आईवर होता. अरबीत वाचला, मग सरांनी अर्थ सांगायला लावला. आई उठते. आई चहा करते. आई लूमवर उभी राहते. आईला ऐकू येत नाही.

सर म्हणाले, "वाक्याला वाक्य लागत नाही. व नाही, लाकिन नाही, लिअन्न नाही. ही काय सामानाची यादी आहे? विणकरांनी साड्या विणाव्यात. विचार जोडायला घरात पिढ्यान् पिढ्या शिक्षण लागतं."

वर्ग हसला. मी पण हसले. त्याची लाज आजून जात न्हाय.

घरी येऊन पुस्तक काढलं. चूक खरी होती, म्हणून जास्त झोंबलं. लाकिन म्हणजे पण. लिअन्न म्हणजे कारण. 'आईला ऐकू येत नाही' या शेवटच्या वाक्यापुढं लिअन्न लिहिलं आणि हात थांबला. तीस वर्षं लूमचा खडखडाट कानाशी. डोळ्यांपुढं होतं सगळं, जोडलं कुणीच न्हवतं.

"वय झालं गं," आई म्हणायची. वय पन्नास!

मग सरांचं बोलणं घेतलं. तेबी जोडलं.

पुढच्या वर्गात न विचारता उभी राहिले. अरबीत वाचलं: सर उत्तम शिकवतात, लाकिन विणकराची मुलगी दिसली की तिचं घर काढतात. वर्ग हसला, लिअन्न तो सरांना भितो. मीही हसले, लिअन्न मीही भ्याले. लिधालिक, म्हणून, आज हे सगळ्यांसमोर वाचते.

सरांनी माझी वही ओढून घेतली, ओळ न् ओळ तपासली.

"व्याकरण बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"सर, व्याकरण बरोबर हाय. मग चुकलंय काय?"

त्यांनी दाराकडं बोट केलं.

मी गेले. आईला सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. ती म्हणाली, "मागायची हुतीस गं माफी. आपलं काय जातंय?"

लई जातंय, आई.

परीक्षा बाहेरून देता येते. फॉर्म भरलाय. नापास झाले तर परत भरीन. माफी न्हाय.